घोड्यांची प्रतिबंधक निगा
रोग जडण्याआधी ठरावीक काळाने घेतलेली घोड्याची वैद्यकीय काळजी. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो आणि त्याचे जंतू तबेल्याच्या मातीत व लिदीत असतातच. म्हणून लसीच्या दोन मात्रा ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने व पुढे बहुधा दरवर्षी एक मात्रा देतात. गाभण घोडीला विण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी लस टोचल्यास चिकातून शिंगराला संरक्षण मिळते.

घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीबाहेर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने ते असमान झिजतात व धारदार कडा गाल कापतात. वर्षातून एकदा त्या कानशीने घासाव्या लागतात. लगाम न मानणाऱ्या घोड्याला खोडकर ठरवण्यापूर्वी त्याचे तोंड पाहावे. खुरे छाटायला व नाल बदलायला नालबंद साधारण ६ ते ८ आठवड्यांनी येतो.

सरसकट जंतनाशक पाजण्याची जुनी रीत सदोष आहे. तिच्यामुळे जंत औषधाला दाद देईनासे होतात. लिदीतील अंडी मोजून औषध ठरवणे योग्य.

माणसालाही होणाऱ्या ग्लँडर्स या रोगावर लस नाही. रक्तचाचणीत बाधित ठरलेला घोडा भारतात कायद्याने मारला जातो. बाजारातून आणलेले जनावर चाचणीचा निकाल येईपर्यंत वेगळे बांधावे.