आसामची १९८५ ची निवडणूक

परदेशातून आलेल्या माणसाला आपल्या भूमीवर राहू द्यावे की नाही, हा प्रश्न वस्तुतः संसदेच्या कक्षेतला. परंतु १९८५ च्या डिसेंबरात आसाममध्ये तो राज्य विधानसभेच्या निवडणुकीत मतदारापुढे येऊन उभा राहिला. त्या वेळी कोणत्या पक्षाने काय सांगितले आणि पुढे काय घडले, हे ताडून पाहणे उद्बोधक आहे.

१९७९ मध्ये मंगलदोई येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीपूर्वी मतदारयादीत परकीयांची नावे असल्याच्या तक्रारी झाल्या. त्यातून विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सहा वर्षांचे आंदोलन उभे राहिले. १९८३ ची निवडणूक बहिष्कार आणि हिंसाचार यांच्या छायेत झाली. १८ फेब्रुवारी रोजी नेली परिसरात एकाच दिवशी, अधिकृत आकड्यांप्रमाणेही, दीड हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य बंगाली मुसलमान होते. अखेर १५ ऑगस्ट १९८५ रोजी करार झाला. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेल्यांना राहू द्यावे. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावे दहा वर्षे मतदारयादीतून वगळावी. आणि त्यापुढे आलेल्यांना देशाबाहेर पाठवावे, असे त्यात ठरले.

निवडणुकीत या करारावरूनच तीन भूमिका पुढे आल्या. आंदोलनातून जन्मलेल्या आसाम गण परिषदेचे प्रफुल्लकुमार महंत कराराच्या काटेकोर अंमलबजावणीचे वचन देत होते. हितेश्वर सैकिया यांच्या काँग्रेसची स्थिती अवघड होती. करार तिच्याच केंद्र सरकारने केला होता, आणि परकीय ठरविण्याची प्रक्रिया कठीण करणारा १९८३ चा कायदाही तिनेच आणला होता. नव्याने स्थापन झालेल्या युनायटेड मायनॉरिटीज फ्रंटचा तर करारालाच विरोध होता. वर्षानुवर्षे येथे राहिलेल्यांचा मताधिकार हिरावला जाईल, ही भीती त्यामागे होती.

१२६ जागांच्या विधानसभेत परिषदेला बहुमत मिळाले. काँग्रेसला २५ आणि फ्रंटला १७ जागा मिळाल्या. तेहतिसाव्या वर्षी महंत मुख्यमंत्री झाले. परंतु नागरिकत्व, परकीयांचा प्रवेश आणि त्यांची हकालपट्टी हे विषय राज्यघटनेने संघसूचीत घातलेले आहेत. अन्यत्र लागू असलेल्या १९४६ च्या कायद्यानुसार आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवर असे. आसामात १९८३ च्या कायद्याने तो तिच्यावर ठेवला नव्हता. या कायद्यातील अडचणींचा विचार करू, एवढेच आश्वासन करारात होते. तो बदलणे गुवाहाटीच्या सरकारच्या हाती नव्हते. परिषद १९९० पर्यंत आणि पुन्हा १९९६ ते २००१ सत्तेवर राहिली, तरी कायदा कायम राहिला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. याचिकाकर्ते सर्वानंद सोनोवाल पुढे २०१६ मध्ये स्वतः मुख्यमंत्री झाले.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांहून अधिक अर्जदारांची नावे वगळली गेली. ज्यांना १९८५ मध्ये निश्चितीचे वचन मिळाले आणि ज्यांना त्याच वचनाचे भय वाटले, त्या दोघांच्याही वाट्याला चौतीस वर्षांनंतर अनिश्चितताच आली होती. उमेदवार काय करू म्हणतो, याबरोबरच ते करण्याचा अधिकार त्याला आहे काय, हेही मतदाराने विचारले पाहिजे. आसामच्या इतिहासाचा हा बोध केवळ आसामपुरता नाही.