सर्व्हरची पाणीपाळी

परवा आमच्या माजी विद्यार्थ्यांचे संकेतस्थळ सारखे बंद पडत होते. नातवाने तपासले. सर्व्हरची मेमरी २ जीबी आणि पीएचपीत एकेका विनंतीला ५१२ एमबीची मुभा! चार जड पाने एकदम उघडली की संपले. याच पीएचपीत पूर्वी ही मर्यादा ८ एमबी होती, २००६च्या ५.२.० आवृत्तीत १६ झाली, पुढे १२८.

मला जायकवाडी आठवले. १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले, पुढे डावा कालवा परभणीकडे आला. आमचे शेत चारीच्या टोकाला. वरच्यांची दारे मोठी. आमच्या पाळीला वडील रात्रभर कोरड्या चारीवर बसून राहत.

नातू म्हणाला, "आबा, मेमरी विकत घेऊ का?"

म्हटले, "आधी दारे लहान कर."

त्याने मर्यादा १२८ केली, फोटो लहान केले. आता शेवटी आलेल्यालाही पान मिळते.