पुण्यतिथीचे पंचांग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे हे व्याख्यान पुण्यतिथीला होते, जयंतीला नव्हे. माणूस गेला तो दिवस आपण का जपतो, हा प्रश्न हुलसूरच्या या शाळेत शिकताना मला कधी पडला नाही. तो पडला वसईच्या ख्रिस्ती धर्मग्रामांचा इतिहास वाचताना.

आपल्या बीदर भागातील ख्रिस्ती समाज मुख्यतः मेथडिस्ट परंपरेतला. त्या परंपरेत नाताळ आणि ईस्टर आहेत. संतांचे सण मात्र नाहीत. ते पाहण्यासाठी मराठी वाचकाला वसईकडे वळावे लागते. तो प्रदेश आपल्याला अगदीच परका नाही. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच.

कॅथलिक धर्मग्रामात प्रत्येक महिन्याला स्वतःचा रंग असतो. महिन्याचा पहिला शुक्रवार येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा. मार्च संत योसेफाचा, मे मरियामातेचा, जून पवित्र हृदयाचा, ऑक्टोबर जपमाळेचा, तर नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-वसईकडे ‘आगेरा’ होतो; नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो. २ नोव्हेंबरला कबरींवर फुले व मेणबत्त्या दिसतात. धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना चालतो. आपल्याकडील श्रावण-मार्गशीर्षाची ओढ ज्याने अनुभवली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

संताचा सण बहुधा त्याच्या मृत्युदिनी वा त्याच्या आसपास येतो. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. तोच त्यांचा सण. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली ते संत घोषित झाले. पंचांगात या हुतात्म्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीला आहे. २४ जूनचा बाप्तिस्मा करणारा योहान आणि ८ सप्टेंबरची मरियामाता यांचे जन्मदिवस पाळले जातात, ते अपवाद म्हणून. मृत्युदिन हाच संताचा खरा जन्मदिन, अशी त्यामागील श्रद्धा. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस याहून दूरचा नाही. उरूस या शब्दाच्या मुळाशी विवाहाचा अर्थ आहे. मरण म्हणजे परमेश्वराशी मीलन. ज्ञानेश्वरांचा समाधिदिनही आपण याच भावनेने पाळतो.

हे पंचांग टिकवले कोणी? १५३४ पासून वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि ती संपली. किल्ल्यातील भव्य चर्चे पुढे ओस पडली. गावांतील श्रद्धा उरली. देशी धर्मगुरूंनी ती सांभाळली, हे खरेच. तथापि माझ्या मते, शेताच्या आणि घराच्या वर्षाशी सण बांधले गेले होते, म्हणूनच राजाश्रय गेल्यावरही ते बुडाले नाहीत.

आपल्याला याची साक्ष दूर शोधावी लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आमच्या आजीच्या तोंडच्या जत्रा, उरूस, एकादशी मात्र बदलल्या नाहीत.

शेवटी एक कबुली. नोकरीच्या धावपळीत मी स्वतः अनेक वर्षे या दिवशी शाळेत आलो नाही. देणगी पाठवली, की स्मरण झाले, असे मानले. धर्मग्रामांच्या इतिहासाने माझी चूक दाखवली. स्मृती फलकावर कोरून राहत नाही. ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, आपण येण्याने राहते. गुरुजींची तिथी आपल्या पंचांगात ज्या वर्षी राहणार नाही, त्या वर्षी ते खऱ्या अर्थाने आपल्यातून जातील. ती वेळ येऊ न देणे आपल्या हाती आहे, एवढेच नम्रपणे सांगून मी रजा घेतो.