शिबिर दोन दिवसांचं, चेहरा अठरा वर्षांचा

गावात दुभंगलेल्या ओठांच्या मोफत ऑपरेशन शिबिराचा बॅनर लागलाय. चांगलंच आहे. पुढाऱ्यांचे फोटो सात, पुढच्या तपासणीची तारीख मात्र एकही नाही. माझ्या मामेभावाचा ओठ लहानपणी अशाच एका शिबिरात शिवला. टाळूचं कुणी काढलंच नाही. आज चाळिशीत तो फोन आला की बायकोच्या हातात देतो, कारण समोरच्याला त्याचं बोलणं कळत नाही. (आजी शेवटपर्यंत ग्रहणालाच दोष देत राहिली.)

म्हणून थोडा इतिहास.

चेहऱ्याची आधुनिक शस्त्रक्रिया घडली पहिल्या महायुद्धात. इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात सर्जन हॅरल्ड गिलीज आणि दातांचे डॉक्टर एकत्र बसून सैनिकांचे उडालेले जबडे बांधत. युद्ध संपल्यावर तिथेच आयव्हन मॅगिल यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल द्यायचं तंत्र बसवलं. पण ही सगळी माणसं मोठी, वाढ पूर्ण झालेली. तान्ह्या बाळाला भूल देणंच जिवावरचं होतं. १९३७ साली न्यूकॅसलच्या फिलिप आयर यांनी इंग्रजी टी अक्षरासारखी एक साधी नळी केली, झडपच नसलेली, म्हणजे बाळाला श्वास घ्यायला जोर लावावा लागू नये. हे आयर स्वतः दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊनच जन्मले होते! पुढे जॅक्सन रीस यांनी तीच सुधारली.

मग दुसरंच दुखणं दिसलं. लहानपणी टाळू शिवलेली मुलं मोठी झाली, तेव्हा काहींचा वरचा जबडा आत बसलेला. टाळूवरचा व्रण वाढ अडवतो, हे अमेरिकेत दात सरळ करणाऱ्या ग्रेबर यांनी १९४९मध्ये मोजमापांनी मांडलं. म्हणून आज साधारण वेळापत्रक असं: ओठ तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, टाळू वर्षाच्या आसपास, मग बोलण्याचे धडे, सुळा यायच्या आधी हिरडीत हाड, आणि जबडा हलवायचाच तर वाढ थांबल्यावर.

आता गंमत बघा. मुख-जबडा सर्जनचं एमडीएस तीन वर्षांचं, प्लास्टिक सर्जरीचं एमसीएचही तीनच. पहिल्या दिवशी जन्मलेलं बाळ विद्यार्थी पास होताना तीन वर्षांचं! आपण शिवलेला चेहरा सोळाव्या वर्षी कसा दिसतो, हे तो बघणार कुठे? त्यासाठी तीच मुलं परत परत येणारा, जुन्या फाइली जपणारा विभाग लागतो. टाके घालायला शिबिरात शिकता येईल, हे नाही.

आपल्याकडे परंपरा नाही असंही नाही. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८मध्ये नागपूरच्या मेडिकलमध्ये उभा केला. दुभंगांचं त्यांनी केलेलं वर्गीकरण आजही 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच शिकवतात. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे. म्हणजे अंगणवाडीत बाळ सापडलं तर पुढे पाठवायची सोय कागदावर तरी आहे.

बॅनरवरच्या नंबरला काल फोन लावला. विचारलं, टाळूचं आणि आठ वर्षांनी हाडाचं कोण बघणार? 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणाले. उद्या परत लावणार आहे. तुम्हीही लावा.