हन्ना सेनेश : एक यहूदी वीरकन्या आणि ख्रिस्ती विद्यालय

दुसऱ्या महायुद्धात प्राण वेचलेल्या यहूदी तरुणांमध्ये हन्ना सेनेश हिचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या वीरमरणाची कथा प्रसिद्ध आहे. परंतु तिच्या आयुष्याला वळण देणारा पहिला आघात एका ख्रिस्ती विद्यालयात झाला, ही गोष्ट आपण धर्मसेवकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

हन्नाचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. तिचे वडील बेला सेनेश हे नाटककार होते. १९२७ साली ते निवर्तले. पुढे माता कातालिन यांनी तिला रेफॉर्म्ड मंडळीच्या मुलींच्या विद्यालयात घातले. तेथे यहूदी मुलींना प्रवेश असे. मात्र त्यांचे शुल्क प्रॉटेस्टंट मुलींच्या तिप्पट असे. १९३७ साली विद्यार्थिनींनी वाङ्मय मंडळाच्या पदावर तिची निवड केली. यहूदी मुलीस हे पद देता येत नाही, असे सांगून ती निवड रद्द करण्यात आली.

विद्यालयाच्या भिंतींआड जे घडले, तेच वर्षभरात देशाचा कायदा झाले. १९३८ च्या पहिल्या यहूदीविरोधी कायद्याने अनेक व्यवसायांत यहूद्यांचे प्रमाण शेकडा २० वर आणले. वरिष्ठ सभागृहात रेफॉर्म्ड मंडळीचे बिशप रावास आणि कॅथोलिक कार्डिनल शेरेदी या दोघांनीही त्यास पाठिंबा दिला.

सप्टेंबर १९३९ मध्ये हन्नाने मायदेश सोडला व ब्रिटिशांच्या अमलाखालील पॅलेस्टाइन गाठले. नहलाल येथे दोन वर्षे शेतीचे शिक्षण घेऊन ती समुद्रकाठच्या एका सामुदायिक वसाहतीत राहू लागली. तेथे कपडे धुण्याचे काम तिच्या वाट्यास आले. फावल्या वेळात ती हिब्रू भाषेत कविता लिहीत असे. येथे ती सुरक्षित होती. आई मात्र बुडापेस्टमध्येच होती.

१९४३ साली ती ब्रिटिश सैन्यात दाखल झाली व हवाई छत्रीने उतरण्याचे शिक्षण तिने घेतले. मार्च १९४४ मध्ये ती युगोस्लाव्हियात उतरली. शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या वैमानिकांना साहाय्य करणे आणि हंगेरीतील यहूद्यांच्या सुटकेचा मार्ग शोधणे, असे दुहेरी कार्य तिच्यावर सोपविलेले होते. त्याच महिन्यात जर्मन सैन्याने हंगेरी व्यापली. १५ मे ते ९ जुलै या अवधीत सुमारे ४,३७,००० यहूद्यांना आगगाड्यांत कोंबून देशाबाहेर नेण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांना आउश्वित्झला पाठविले गेले. या गाड्या धावत असतानाच, जून महिन्यात, हन्नाने सरहद्द ओलांडली आणि ती तत्काळ पकडली गेली. तिचे कार्य सुरूच होऊ शकले नाही.

बिनतारी यंत्राची सांकेतिक लिपी मिळविण्यासाठी तिचा छळ झाला. आईलाही पकडून तिच्यासमोर उभे करण्यात आले. तरी तिने ती लिपी सांगितली नाही. २८ ऑक्टोबरला खटला चालला. ७ नोव्हेंबर १९४४ रोजी तिला गोळ्या घालण्यात आल्या. दयेचा अर्ज करण्यास तिने नकार दिला होता. तेव्हा ती २३ वर्षांची होती. १९९३ साली हंगेरीच्या लष्करी न्यायालयाने तिला निर्दोष ठरविले.

राजवाड्यातील सुरक्षितता बाजूस सारून आपल्या लोकांसाठी पुढे झालेल्या एस्तेरची आठवण येथे सहजच होते. एस्तेरला यश लाभले, हन्नाला लाभले नाही. म्हणून तिची निष्ठा उणी ठरत नाही.

त्याच बुडापेस्टमध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत जेन हेनिंग या वसतिगृहाची व्यवस्था पाहत होत्या. युद्ध पेटल्यावर मायदेशी परतण्याची सूचना आली असताही त्यांनी आपल्या यहूदी मुलींना सोडले नाही. एप्रिल १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि जुलैमध्ये आउश्वित्झ येथे त्यांचा अंत झाला.

एकाच नगरातील या दोन ख्रिस्ती शाळा. दोन्हीकडे प्रार्थना होत होती, पवित्र शास्त्र शिकविले जात होते. आपल्या शाळांतून व वसतिगृहांतून परधर्मीय, परप्रांतीय वा निर्धन मूल जेव्हा वर्गात निवडून येते, तेव्हा आपण त्याला त्याची जागा देतो की नियम दाखवितो, हे प्रत्येक पाळकाने व धर्मशिक्षकाने तपासून पाहावे. हंगेरीतील मोठ्या पापाचा आरंभ अशाच लहान नकारांत दिसू लागला होता.