स्पंदशक्ती यंत्रांतील प्रवाहवहनाची कार्यक्षमता

स्रोताकडून निघालेल्या विद्युतप्रवाहापैकी जितका भाग भारापर्यंत पोहोचतो, ते गुणोत्तर म्हणजे प्रवाहवहनाची कार्यक्षमता. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'काली-५०००' या स्पंदशक्ती यंत्रात सुमारे १० लाख व्होल्टचा स्पंद जेमतेम १०० नॅनोसेकंद टिकतो. इतक्या विद्युतदाबाखाली स्रोत व भार जोडणाऱ्या निर्वात वाहिनीतही ऋण वाहकाच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उपटले जातात आणि समोरच्या वाहकावर आदळतात. तेवढा प्रवाह वाटेतच गळतो. प्रवाह पुरेसा वाढला की त्याचेच चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना मागे वळवते. त्यामुळे गळती मुख्यतः स्पंदाच्या आरंभी, प्रवाह चढत असताना होते. अनेक वाहिन्या जिथे एकत्र येतात तिथली गळती आटोक्यात आणणे मात्र फार कठीण, कारण तिथे चुंबकीय क्षेत्र काही बिंदूंवर शून्य होते. वाहिनीच्या दोन्ही टोकांना प्रवाह मोजणारी रोगोव्स्की वेटोळी बसवून कार्यक्षमतेचे हे गुणोत्तर काढतात.