कॅसिनी-हायगेन्स मोहीम

शनी, त्याची कडी आणि उपग्रह यांच्या अभ्यासासाठी नासा, युरोपीय अवकाश संस्था व इटालियन अवकाश संस्था यांनी मिळून राबविलेली मोहीम. यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी केप कॅनाव्हरल येथून निघाले. शुक्र, पृथ्वी व गुरू यांच्या गुरुत्वाकर्षणाने वेग वाढवीत २००४ च्या मध्यास शनीभोवतीच्या कक्षेत शिरले. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स ही कुपी हवाई छत्र्यांच्या आधारे सुमारे अडीच तासांत टायटन या शनीच्या उपग्रहावर उतरली. सूर्यमालेत इतक्या दूरवर दुसरे कोणतेही यान आजवर उतरलेले नाही. उणे १८० अंश सेल्सियसच्या त्या थंडीत तिने टिपलेल्या छायाचित्रात बर्फाचे गोटे दिसतात, नदीपात्रातल्यासारखे गुळगुळीत. तेथे वाहणारा द्रव असतो तो मिथेनचा.

मोहिमेचे सर्वांत मोलाचे फलित मात्र एन्सेलॅडस या जेमतेम ५०० किमी. व्यासाच्या उपग्रहाने दिले. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून वाफ व बर्फकणांचे फवारे उडतात. यान थेट त्या फवाऱ्यांतून गेले आणि त्यांत क्षार, कार्बनी संयुगे व हायड्रोजन आढळले. बर्फाच्या कवचाखाली खारा महासागर असल्याचा हा भक्कम पुरावा होय. इंधन संपल्यावर यान भरकटून अशा उपग्रहावर आदळू नये, पृथ्वीवरचे जंतू तेथे पोचू नयेत, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्याच वातावरणात लोटण्यात आले.